नीरेच्या खोऱ्यांतील देव आणि अलेक्झांड्रियाचा सरापिस

परक्या मुलखांत गेलेल्या मनुष्यास तेथील भाषा येत नसली तर तो दुभाष्या गांठतो. पण तेथील देवांचें काय करावें, हा प्रश्न दुभाष्याच्यानें सुटत नाहीं. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार मिसर देशांत गेला, तेव्हां त्यानें हा प्रश्न मोठ्या सोप्या रीतीनें सोडविला. मिसरी लोक ज्यास अमून म्हणतात तो आपला झ्यूस, ओसायरिस म्हणजे डायोनिसस, आयसिस म्हणजे डिमीटर, होरस म्हणजे अपोलो, असें त्यानें कांहींएक संकोच न बाळगतां लिहून ठेविलें. देव सर्वत्र तेच, लोक त्यांस आपापल्या भाषेंत हांक मारतात, ही त्यामागील समजूत. देवांचें असें भाषांतर करणाऱ्यास आजचा चिकित्सक वाचक हंसेल. परंतु तोरण्यावरील मेंगाई कोण, असें आपणांस कोणीं विचारिलें, तर "देवीचेंच एक रूप" हें उत्तर आपल्या तोंडून सहज निघून जातें, आणि तें हिरोडोटसाच्या उत्तराहून फारसें निराळें नाहीं.

भाषांतर ही एक गोष्ट झाली; नवा देव घडविणें ही दुसरी. ख्रिस्तपूर्व ३३२ मध्यें अलेक्झांडरानें मिसर देश घेतला. त्याच्या पश्चात् त्याचा सेनापति टॉलेमी तेथील सत्ताधीश झाला आणि ३०५ च्या सुमारास त्यानें राजपद धारण केलें. त्याची राजधानी अलेक्झांड्रिया हें नवें, सरमिसळ वस्तीचें शहर. राज्यकर्ते ग्रीक, प्रजा मिसरी, आणि दोघांचे देव एकमेकांच्या तोंडाकडे पाहात उभे. मेंफिस या जुन्या नगरांत आपिस नांवाचा पवित्र बैल पूजिला जात असे; तो मेला म्हणजे ओसायरिसाशीं एकरूप होऊन 'ओसर-हापि' होतो, अशी मिसरी लोकांची श्रद्धा. हाच देव राजानें उचलला. परंतु पशुमुखी देवांपुढें मस्तक नमविणें ग्रीकांच्या जिवावर येई. म्हणून त्या देवास नवें शरीर मिळालें. भरघोस दाढी, कुरळे केस, सिंहासनावर बैठक, मस्तकीं धान्य मोजण्याचें माप आणि पायांशीं तीन तोंडांचा कुत्रा! नांव तेवढें जुन्याचा अपभ्रंश होऊन 'सरापिस' असें राहिलें.

या देवाच्या आगमनाची जी कथा टॅसिटस व प्लूटार्क यांनीं दिली आहे, ती आपल्या स्थलपुराणांची आठवण करून देणारी आहे. राजास स्वप्नांत एक तेजस्वी पुरुष दिसतो, काळ्या समुद्राच्या कांठीं सिनोपी येथें असलेली आपली मूर्ति आणावयास सांगतो, आणि ती आल्यावर टिमोथियस हा ग्रीक धर्मज्ञ व मनेथो हा मिसरी पुरोहित असे दोघे मिळून "हाच सरापिस" असा निर्णय देतात. दृष्टांत, मूर्तीचा प्रवास आणि शेवटीं पंडितांचा कौल. आपल्याकडील किती देव याच वाटेनें आले आहेत! कथेचा अद्भुत भाग वगळला, तरी दोन्ही समाजांचे जाणते राजानें एकत्र बसविले, ही आठवण तिच्यांत उरते.

पुढें तिसऱ्या टॉलेमीनें (ख्रि. पू. २४६ ते २२२) अलेक्झांड्रियेंत सरापिसाचें विशाल मंदिर उभारिलें. १९४० नंतरच्या दशकांत तेथें उत्खनन झालें, तेव्हां पायाखालीं पुरलेले लहान लहान पत्रे हातीं आले. त्यांवरील मजकूर दोन लिपींत आहे. ग्रीक ओळींत देवाचें नांव 'सरापिस' आहे. शेजारच्या मिसरी चित्रलिपींत तेथेंच 'ओसर-हापि' असें कोरलें आहे. एकाच पत्र्यावर, एकाच राजाच्या आज्ञेनें, एकाच देवाचीं दोन नांवें, आणि वाचणारानें आपल्या लिपींतील वाचून समाधान मानावें! दैवतांचा संगम म्हणजे काय, तें एवढें थोडक्यांत दुसऱ्या कोणत्या वस्तूनें सांगितलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ग्रीकांचा हा स्वभाव त्यांच्याबरोबर आपल्या देशांतहि आला. तक्षशिलेच्या यवन राजाचा वकील हेलिओडोरस यानें विदिशेजवळ बेसनगर येथें वासुदेवाप्रीत्यर्थ गरुडध्वज उभारिला व त्यावर स्वतःस भागवत म्हणविलें. आपल्या सह्याद्रींत कार्ल्याच्या चैत्यगृहांतील कित्येक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनीं दिलेले आहेत. इतकेंच नव्हे, तर कुषाण राजा हुविष्क याच्या नाण्यांवर 'सरापो' या नांवानें खुद्द सरापिसाची आकृति आढळते. परंतु हे सारे पाहुणे. पाहुण्यानें यजमानाच्या देवास नमस्कार करणें निराळें आणि दोन समाजांनीं पिढ्यान्‌पिढ्या एका डोंगराखालीं राहून देव एकत्र करणें निराळें. हा दुसरा प्रकार पाहावयाचा तर कार्ल्याहून दक्षिणेकडे, भोर आणि वेल्हें या दोन तालुक्यांत जावें. (वेल्हें तालुक्यास शासनानें अलीकडे राजगड हें नांव दिलें आहे, देवांप्रमाणें तालुक्यांसहि दोन नांवें लाभावीं हें या प्रदेशास शोभतेंच.)

हा सारा मावळ मुलूख. नीरा, गुंजवणी, कानंद, वेळवंडी यांचीं खोरीं, मधून तोरणा, राजगड, रोहिडा यांसारखे दुर्ग, आणि पश्चिमेस कोंकणांत उतरणारे घाट. येथें कोळी, धनगर, कुणबी यांची वस्ती फार जुनी. त्यांचे देव मुख्यतः दोन शब्दांनीं ओळखावे. बाई असेल तर 'आई' आणि बुवा असेल तर 'बा'. मेंगाई, वाघजाई, तोरणजाई. म्हसोबा, विठोबा, खंडोबा. त्यांस बहुधा मूर्ति नसे. शेंदूर फासलेला तांदळा हेंच रूप. यांच्या शेजारीं, कधीं राजसत्तेबरोबर तर कधीं कथेकऱ्याच्या पोथीबरोबर, पुराणांतील शिव आणि शक्ति येऊन बसल्या. त्यांची भेट कशी झाली हें सांगणारा टॅसिटस येथें कोणी नाहीं. पण नांवें बोलतात.

'ईश्वर' हा एक प्रत्यय घ्या. भोरचा भोरेश्वर, अंबवड्याचा नागेश्वर, नसरापुरचा बनेश्वर, पठारावरचा रायरेश्वर, कांबऱ्याचा कांबरेश्वर. या नांवांचा पूर्वार्ध पाहिला तर त्यांत गांव आहे, नाग आहे, बन आहे, डोंगर आहे. म्हणजे जें जें त्या भूमीचें होतें तें तें पुढें आणि ईश्वर मागें. शिवरायांनीं दादाजी नरसप्रभु यांस लिहिल्याचें म्हणून जें १६४५ चें पत्र दाखविण्यांत येतें, त्यांत 'रोहिरेश्वर' असें नांव आहे. पत्राच्या अस्सलपणाविषयीं इतिहाससंशोधकांत वाद आहे, त्यांत आम्ही शिरत नाहीं; पण रोहिडखोऱ्याच्या माणसास आपला ईश्वर रोहिडखोऱ्याचाच वाटावा, हें त्या नांवांत स्वच्छ दिसतें. काशीचा विश्वेश्वर विश्वाचा असेल. मावळ्यास विश्वापेक्षां आपलें खोरें जवळचें.

नसरापुरचें उदाहरण तर मोठें बोलकें आहे. तेथील आजचें देऊळ नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ मध्यें बांधविलें. बांधणारा साऱ्या मराठी राज्याचा कारभारी, पाठीशीं शास्त्रीपंडितांचा मेळा. मनांत आणतें तर देवास एखादें भारदस्त संस्कृत नांव देणें त्यांस कितीसें कठीण होतें? तरी देव बनांतलाच राहिला. वसईच्या मोहिमेंत हातीं लागलेल्या घंटांपैकीं १६८३ साल कोरलेली एक येथें टांगलेली आहे. फिरंग्यांच्या देवास जागविण्यासाठीं ओतलेली घंटा बनेश्वरास जागविते आणि त्यांत कोणास कांहीं विपरीत वाटत नाहीं.

भोरच्या पंतसचिवांची गोष्टहि येथें सांगितली पाहिजे. शंकराजी नारायण हे या घराण्याचे मूळ पुरुष. अंबवड्यास त्यांची समाधि आहे. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. या राजघराण्याची उपासना रामाची. भोरच्या राजवाड्यांतील रामनवमीचा उत्सव प्रसिद्ध आहे. आतां दोन शतकांहून अधिक काळ ज्या घराण्याचा येथें अंमल होता, त्यानें राम आणि वाघजाई, किंवा राम आणि भोरेश्वर, यांना एकत्र ओतून एखादा सरापिस निर्माण केला नाहीं. राजवाड्यांत राम नांदला आणि डोंगरावर वाघजाई नांदली. टॉलेमीस जी निकड होती ती पंतसचिवांस नव्हती, हें खरें. राजा आणि प्रजा एकाच भाषेंत बोलत होतीं. तरी एवढें ध्यानांत ठेवावें कीं, या खोऱ्यांत देवांचा जो संगम झाला तो दरबारच्या हुकुमानें झालेला नाहीं.

देवींच्या बाबतींत हा संगम अधिक दाट आहे. भोरहून महाडकडे जातांना वरंध घाटांत वाघजाईचें स्थान आहे. ज्या रानांतून बैलांचे तांडे वाघाच्या भयानें जीव मुठींत धरून उतरत, त्या वाटेच्या माथ्यावर वाघाची आई बसावी, याचा अर्थ सांगावयास पुराण नको. पुढें पुराणांतील सिंहवाहिनी वा व्याघ्रवाहिनी दुर्गा या रानांत ऐकूं आली, तेव्हां लोकांनीं म्हटलें असेल, ही तर आमचीच! म्हणजे दुर्गेनें वाघजाईस गिळलें असें म्हणण्यापेक्षां वाघजाईनें दुर्गेस ओळख दिली असें म्हणणें अधिक सयुक्तिक. तोरण्यावर मेंगाई आणि तोरणजाई या दोघी आहेत. मेंगाई हें नांव देवीच्या सहस्रनामांच्या पोथींत शोधून उपयोग नाहीं. तथापि नवरात्रांत घट बसतात ते तिच्यापुढेंहि. तोरणजाईपाशीं शिवरायांस धनाचे हंडे सांपडले आणि त्या धनावर समोरचा मुरुंबदेवाचा डोंगर बांधून त्याचा राजगड झाला, अशी परंपरा आहे.

हा मुरुंबदेव मात्र मनास चटका लावितो. जुन्या कागदांत त्या डोंगराचें हेंच नांव येतें. डोंगराचें नांवच ज्याच्या नांवावरून पडलें तो देव लहान नसला पाहिजे. आज राजगडावर पद्मावतीचें देऊळ आहे, माचीस व तळ्यास तिचेंच नांव आहे. वर ब्रह्मर्षीचें स्थान आहे, जननीचें आहे. मुरुंबदेव केवळ कागदांत उरला. आणि पद्मावती हें नांव तरी कोणाचें? वैष्णवांच्या मतें ती व्यंकटेशाची पत्नी, जैनांच्या मतें पार्श्वनाथाची शासनदेवता. एका नांवावर दोन धर्मांचा हक्क आणि मावळांतील गडावर ती तिसऱ्याच भाविकांची आई!

नांव जोडणें हा एक मार्ग; लग्न लावणें हा दुसरा, आणि आम्हांस तो अधिक अर्थपूर्ण वाटतो. भोर तालुक्यांत उगम पावलेली नीरा खालीं पुरंदर तालुक्यांत वीर या गांवावरून जाते. तेथें श्रीनाथ म्हस्कोबाचें मोठें देवस्थान आहे. म्हस्कोबा म्हणजे म्हसोबाच, महिषाचा देव. भक्त त्यास काळभैरव म्हणतात. आणि 'श्रीनाथ' ही नाथपंथी पदवी त्यावर आणखी चढली आहे. मराठवाड्यांतील सोनारीचा काळभैरव कमळाजी नांवाच्या धनगर भक्ताच्या पाठोपाठ इकडे आला, अशी कथा धनगर सांगतात. माघ पौर्णिमेच्या रात्रीं या देवाचें जोगेश्वरीशीं, म्हणजे जोगूबाईशीं, लग्न लागतें. गांवोगांवच्या काठ्या वऱ्हाड म्हणून येतात, पुढें दहा दिवस यात्रा चालते.

आतां यांतील नवल पाहा. पुराणांत देवी महिषासुराचा वध करिते, आणि नीरेच्या कांठीं महिषाचा देव देवीशीं लग्न करितो! गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथांत या कोड्याचा विचार केला आहे. रानांतील कंदमुळें वेंचणाऱ्या लोकांची आई आणि गुरें घेऊन आलेल्या लोकांचा बाप, असे हे दोन देव. दोन्ही समाज भांडत असतां देवीनें रेड्यास मारिलें आणि दोघे एकत्र नांदूं लागले तेव्हां त्यांचें लग्न लागलें, असा त्यांच्या मताचा आशय आहे. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनीं तर धनगरांबरोबर हिंडून त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवर १९७६ मध्यें स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोसंबींचें अनुमान प्रत्येक स्थानीं लागू पडेलच असें नाहीं. परंतु लग्न हा दोन घरांचा व्यवहार असतो आणि त्यांत दोन्ही घरांचीं नांवें शिल्लक राहतात, एवढें त्यांतून निश्चित घ्यावें. मिसरांतहि असेंच घडलें. आयसिसचा पति मूळचा ओसायरिस. अलेक्झांड्रियेंत ती सरापिसाच्या शेजारीं बसली. पण तेथें वरच बदलून मिळाला. आमच्या जोगूबाईवर तशी पाळी आली नाहीं.

या सर्व प्रकाराविषयीं आपल्याकडे दोन मतें ऐकूं येतात आणि दोन्ही आम्हांस एकांगी वाटतात. भाविक म्हणतात, मूळ देवी एक. मेंगाई, वाघजाई हे तिचे ग्रामीण अपभ्रंश. चिकित्सक म्हणतात, मूळ देवी रानटी टोळ्यांची. वरचें पुराण हा ब्राह्मणांनीं चढविलेला मुलामा, तो खरवडून काढा. पहिल्यास खालचा दगड दिसत नाहीं, दुसऱ्यास वरचा शेंदूर. डॉ. रा. चिं. ढेरे यांनीं विठ्ठलावरील आपल्या १९८४ च्या ग्रंथास 'एक महासमन्वय' असें उपपद दिलें. गोपजनांच्या देवापासून विष्णूपर्यंतचा तो प्रवास दाखवितांना त्यांनीं एका टोंकास खरें आणि दुसऱ्यास खोटें ठरविलें नाहीं. त्यांची ही दृष्टि आम्हांस ग्राह्य वाटते. लोकांनीं हे देव फसून एकत्र केले नाहींत. देवळांत पुरणपोळीचा नैवेद्य आणि बोकड मात्र देवळाबाहेर, ही जी तडजोड महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं दिसते, ती करणाऱ्यास दोन्ही बाजूंच्या देवाची ओळख पक्की होती.

खरा प्रश्न निराळा आहे. संगमानंतर पूजा कोणाच्या हातीं राहिली? सरापिसाचें वैभव राजाश्रयानें वाढलें. रोमन बादशहा ख्रिस्ती झाले आणि इ. स. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियेचें तें प्रचंड मंदिर जमीनदोस्त झालें. सरापिसाचा शेवट तेथेंच जवळजवळ झाला. उलट मिसरच्या दक्षिण सीमेवर फिली बेटांत आयसिसची पूजा त्यानंतर दीडशें वर्षांच्या आसपास चालूं राहिली. मिसरी चित्रलिपींतील शेवटचा ज्ञात लेख, इ. स. ३९४ चा, तेथलाच. याचें कारण दक्षिणेकडील वाळवंटी टोळ्या त्या देवीस आपली मानीत होत्या. त्यांनीं रोमशीं तह केला तेव्हां त्यांत एक कलमच घालून घेतलें कीं, देवीची मूर्ति ठराविक काळीं आपल्या मुलखांत नेण्याची व परत आणून पोंचविण्याची मोकळीक असावी. ही पालखीच नव्हे काय? सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें तें देऊळ बंद केलें तेव्हांच ती थांबली.

मेंगाई किंवा म्हस्कोबा यांस राजानें घडविलें नाहीं, म्हणून राजे गेले तरी ते राहिले. गुरव, धनगर, काठीचे मानकरी यांचे हक्क हाच त्यांचा खरा पाया. आज धोका आहे तो दुसऱ्या बाजूनें. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत तांदळ्यामागें संगमरवराची अष्टभुजा बसविण्याची चाल अनेक गांवांत पडली आहे. हौस समजण्यासारखी आहे. मुंबईपुण्यास नोकरीस गेलेल्या गांवकऱ्यास आपली देवी शहरांतील देवळांसारखी दिसावी असें वाटतें. परंतु हजारों वर्षें मावळानें देवास नवें नांव दिलें तरी त्याचें शरीर बदललें नाहीं. येथें नेमकें उलट होऊं लागलें आहे. नांव मेंगाई आणि रूप जयपुरच्या कारागिराचें, अशी जी घडण होते ती आमच्या जुन्या वळणाची नव्हे, टॉलेमीच्या वळणाची आहे. जेथें तांदळा पुढें आणि मूर्ति मागें अशी व्यवस्था ठेविली आहे तेथें फारसें बिघडलें नाहीं. जेथें तांदळा उचलून पारावर ठेविला जातो, तेथें त्याबरोबर गुरवाचा हक्क, धनगराची फेरी आणि देवीची गोष्ट हींहि पारावर जाऊन बसतात.

वेळवंड खोऱ्यांतील कांबऱ्याचा कांबरेश्वर या फेरफारांतून एका विलक्षण रीतीनें सुटला आहे. वेळवंडी नदीवर भाटघर येथें १९२७-२८ च्या सुमारास मोठें धरण पुरें झालें आणि हें दगडी शिवालय त्याच्या जलाशयांत गेलें. वर्षाचा बहुतेक काळ तें पाण्याखालीं असतें. धरणाचें पाणी आटलें म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस तें वर येतें, आणि आसपासचे लोक गाळ तुडवीत दर्शनास जातात. देवाचें दुसरें एक नांव प्रचारांत आहे, कर्महरेश्वर. कोणा संस्कृतज्ञानें 'कांबरे' या ग्रामनामांत कर्माचा नाश करणारा ईश्वर पाहिला असावा. अक्षरांची ही कसरत करणाराची बुद्धि मनेथोच्याच जातीची! लोक दोन्ही नांवें घेतात. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर नदी फुगते आणि शिखर पुन्हा पाण्याखालीं जातें.